माझ्या तोंडचा दुभाष्या

"सर, याला मोजता येत नाही."

भोरच्या वकिलांचा बाळ हे इंग्रजीत म्हणाला आणि विलायतेतला तो अख्खा वर्ग हसला. असा हसला, की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली ती पुढच्या गावात जाऊन बसली. हसलो नाही तो मी एकटा. तेवढं इंग्रजी मला कळत होतं.

झालं होतं असं. प्राध्यापकांनी मला विचारलं, घरी मेंढरं किती? माणूस भला. एवढा उंच, की त्यांच्या डोक्यावर सकाळी पडलेला पाऊस पायाला दुपारी पोचायचा. त्यांनी सहज विचारलं. पण आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात, धनगरवाड्यावर, कळपाचा आकडा कुणी तोंडातून काढत नाही. संध्याकाळी आई मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या दाराशी उभी राहते आणि तोंडं ओळखते. एक तोंड कमी असलं तर तिला जेवण जात नाही. आकडा म्हणजे लांडग्याला आवतण.

शेजारून बाळ म्हणाला, "अरे सांग ना, किती?"

"बाळासाहेब, आमच्यात आकडा घेत न्हाईत. लांडगा येतो."

यावर त्यानं सरांना काय सांगितलं, ते वर आलंच आहे.

सरकारला मेंढ्या सुधारायच्या होत्या, म्हणून शिकलेला धनगर शोधला. मी सापडलो. बाळनं मेंढी पाहिली होती ती भोरच्या बाजारात, नाकाला रुमाल लावून. तरी दोघं एकाच बोटीनं गेलो. इंग्रजी मला वाचता यायचं. पण मला ते शिकवणाऱ्या मास्तरांनीच गोरा माणूस बोलताना कधी ऐकला नव्हता. तिथले लोक बोलायचे म्हणजे जात्यात शब्द दळायचे. कानात पीठ यायचं, दाणा ओळखू यायचा नाही.

त्या हसण्यानंतर सरांनी दया केली. दया! बाळला माझा दुभाष्या नेमलं. मी मराठीत बोलायचं, त्यानं इंग्रजीत सांगायचं. त्या उपकारापोटी मी त्याचे बूट पुसायचो, कोळसा वर आणायचो, भात रांधायचो. भोर सात समुद्र ओलांडून माझ्याआधी तिथं पोचलं होतं.

इंग्रजी मला ऐकवलं ते घरमालकिणीनं. शिव्या देऊन. तोरण्याच्या वाऱ्याला दम लागेल, पण या बाईला नाही. दार आपटलंस, चिखल आणलास, दिवा जाळलास. तिची फुकटची शाळा ऐकता ऐकता हिवाळा सरला आणि माझे कान उघडले. जीभ बंदच राहिली.

कान उघडल्याचा तोटा असा, की ऐकू यायला लागलं.

सरांनी एकदा विचारलं, तुमच्याकडं पावसाळ्यात कोकरं का मरतात? मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. जमीन ओली, खुरं सडतात, कोकराला ऊब मिळत नाही. आधीच कळप घेऊन खाली उतरावं, तर कुरणवाले पाटील पाय ठेवू देत नाहीत, काठ्या घेऊन येतात.

बाळनं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाला, "तो म्हणतो, देवाची इच्छा."

बस. सरांनी मान हलवली.

तेव्हा कळलं. मी त्या वर्गात नव्हतोच. माझ्या नावाचं एक मुकं जनावर तिथं बांधलं होतं आणि मालक बोलत होता.

तोंडी परीक्षा आली. पास झालो तर पुढचं वर्ष, नाहीतर परतीची बोट. दाराशी बाळ नेहमीसारखा माझ्या पुढं झाला.

"तुमी भायेर थांबा, बाळासाहेब."

"वेडा आहेस का? नापास होशील."

"व्हईन की."

आत जाऊन मी बोललो. काय बोललो म्हणता! इंग्रजी घरमालकिणीचं. मेंढीच्या खुराचा आजार मी असा सांगितला, की जणू मेंढीनंच जिन्यात चिखल आणलाय. दोन शिव्याही गेल्या. मग शब्द संपले. उरलेलं हातवाऱ्यांनी सांगितलं.

नापास झालो. तुम्हाला वाटलं असेल, आता हा सांगणार की गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचं मी वाढवून सांगतो, हे नाही. शिष्यवृत्ती गेली.

परत आलो तसे आबा, माझे वडील, मला भोरला वकिलांच्या ओट्यापुढं घेऊन गेले. संस्थान विलीन झालं होतं, त्या ओट्यावर अजून कळवायचं राहिलं होतं. वकील वर झोपाळ्यावर. आम्ही खाली, चपलांपाशी.

"आमच्या बाळाची माफी माग," वकील म्हणाले. "तो तिकडंच आहे, साहेबाकडं शब्द टाकेल. पुन्हा तुझा दुभाष्या व्हायला तयार आहे तो. परत घेतील तुला. काय रे?"

आबा हात जोडून उभे. "माग की, लेकरा. नुसतं तोंडानं तर म्हनायचंय."

"न्हाई."

"मेंढरांमागं जाशील पुन्हा."

"जाईन. पन कोकरं देवाच्या इच्छेनं मरत न्हाईत, वकीलसाहेब. तेवढं बाळासाहेबांना कळवा. माझ्याच शब्दांत कळवा."

"माज आलाय तुझ्या पोराला," वकील आबांना म्हणाले. आबांनी त्यांचीच माफी मागितली. माझ्या वतीनं.

घरच्या वाटेवर उत्रोलीची भातखाचरं मागं पडली, विंझर आलं, तरी आबा माझ्या चार पावलं पुढंच चालत होते. वाड्यावर पोचल्यावर आईला म्हणाले, "पोरगं वाया गेलं."

असेन गेलो. पदवी नाही, नोकरी नाही, कुणी सोयरीक आणत नाही. वकील झोपाळ्यावर आहेत. कोकरं पावसात मरतायत. माझ्या एका 'न्हाई'नं पाटलाच्या कुरणाचं गवतसुद्धा हललं नाही.

पण कचेरीत, बाजारात, पंचांपुढं, जिथं म्हणून मला उभं करतील तिथं, माझ्या वतीनं बोलायला कुणी पुढं झाला तर त्याला मी बाहेर घालवणार. मग तो वकील असो, साहेब असो, नाहीतर जन्मदाता बाप. मोडकं बोलेन. अडखळेन. हरेन.

हरायचं तर माझ्याच तोंडानं हरणार.