तेलाचा काटा आणि आमची आई

आमच्या ह्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त होऊन जामसंड्याला आले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस कलमांना पाणी घालेल, दुपारी झोपेल. ह्यांनी गोव्यातून एक जुनीपुराणी लाल स्पोर्ट्स कार आणली. छप्पर नाही, सीटा दोनच, आणि वय आमच्या थोरल्या मुलापेक्षा जास्त. शेजारीण म्हणाली, "गो, मागली माणसां खंय बसतली?" मी म्हटलं, घरी बसतील.

सुरुवातीचे दिवस नुसते तेल निवडण्यात गेले. नवीन पातळ तेल घालावं की जुन्या इंजिनाला सोसेल असं जाड? ह्यांनी माझ्या फोडणीच्या पळीत दोन्ही तेलं तापवून पाहिली. मग थंडीत कसं वागतं ते बघायला वाट्या फ्रीजरमध्ये, थेट बांगड्यांच्या शेजारी. मी पळी अंगणात भिरकावली. शेवटी जाड तेल जिंकलं, आणि मला नवीन पळी मिळाली.

तरी काटा सुधारला नाही. इंजिन थंड असलं की तेलाच्या दाबाचा काटा ऐटीत वर. गाडी तापून नाक्यावर जरा उभी राहिली, की थेट शून्य. ह्यांनी तेलाची पातळी तपासली, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली तार घासून लख्ख केली, इंजिनाला थेट दुसरं मीटर लावून पाहिलं. त्यात दाब भरपूर. कुणीही म्हटलं असतं, गाडीतला काटा खोटारडा आहे. ह्यांचं म्हणणं, दोघांतला एक खोटं बोलतोय, कुठला ते कळेपर्यंत दोघांनाही मान द्यायचा. मुंबईहून नवीन सेन्सर मागवला होता, तो येता येत नव्हता. तोवर शून्य दिसलं की रस्ता कुठलाही असो, इंजिन बंद. शिवाय ह्यांच्या चष्म्यातून रस्ता दिसतो, काटा दिसत नाही. म्हणून शेजारी बसून आकडे सांगायची नोकरी माझी. "चाळीस. पस्तीस. गाय. पस्तीस."

त्यात आचऱ्याहून आईचा निरोप आला. गुडघे धरले होते, एकटीने राहणं जमेना, आमच्याकडे यायला ती तयार झाली होती. अट एकच, त्या लाल गाडीतूनच येणार, आणि तिठ्यावरून हळू न्यायची.

मी आनंदाने रडायला हवं होतं. मी कपाळाला हात लावला. आमचे बाबा गेले तेव्हा हे आले नव्हते. तेव्हापासून आई ह्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. भांडणही नाही. समोर बसून ती मला म्हणते, "जावयांका सांग, चाय थंड होता." हे मला म्हणतात, "आईंका सांग, घेतंय." इतकी वर्षं मी दोघांच्या मधला पोस्टमन. सणावारी ते निभत होतं. आता ती कायमची राहायला येणार, म्हणजे मीठ पुढे सरकवायचं तरी मला विचारून. मी मरेपर्यंत असंच चालणार, या विचाराने मला झोप येईना.

आणि गाडीत सीटा दोन. आचऱ्याहून निघताना ह्यांच्या शेजारी आई, मी मागून रिक्षाने. काटा कोण बघणार? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचा आईला फार अभिमान, ती म्हणाली, "मी बघतंय." पण सांगणार कुणाला? शेवटी आम्ही तिघं एकाच फोन कॉलवर. आई माझ्या फोनात ओरडायची, "त्यांका सांग, काटो तिसावर." हे तिच्या कोपराला कोपर लावून बसलेले, सगळं ऐकलेले, पण निरोप यायचा बाकी म्हणून ढिम्म. मग मी रिक्षातून, "अहो, तीस." मग हे, "आईंका सांग, समाजला." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

मुणग्याच्या चढाला रेंज गेली. शेवटचं ऐकू आलं ते आईचं, "त्यांका सांग, काटो..." आणि पुढे शांतता. लाल गाडी वळणापलीकडे गेली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दामट. आई गप्प बसणार, हे शेजारी निरोपाची वाट बघणार, आणि काटा खरा निघाला तर इंजिन जाम होऊन गाडी रानात उभी.

वळण घेतलं तर गाडी काजूच्या सावलीत उभी होती. इंजिन बंद, बॉनेटही बंद. म्हणजे काटा शून्यावर गेल्याचं ह्यांना माझ्या निरोपाशिवाय कळलं होतं. दोघं जागच्या जागी, तोंडं समोर रस्त्याकडे. मी रिक्षातून उतरले ते त्यांना कळलंच नाही.

आई विचारत होती, "आमचे हे गेले तेव्हा तुमी खंय होतास?"

"दर्यात, आई. खंयच किनारो नाय होतो. बोट कोण फिरवतलो माझ्यासाठी?"

"मग सांगूक काय झाला होता?"

"तुमी विचारलास नाय."

"विचारुचा लागता?" आईचा आवाज फाटला. "मी वाट बघी होतंय, तुमी सांगशात म्हणून."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. "चुकला माझा."

हे सगळं मी आईला तेव्हाच सांगितलं होतं, पन्नास वेळा, घसा कोरडा होईपर्यंत. मला राहवलं नाही. पुढे होऊन म्हटलं, "अगो आई, मी तुका..."

आईने मानसुद्धा वळवली नाही. "तू गप रव गो. मी जावयांवांगडा बोलतंय."

मला एवढा राग आला, आणि त्या रागातच एवढं बरं वाटलं, की डोळे भरून आले. मी परत रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, थांबूचा काय?

"नाय रे, चल. फुडे जाऊन माका भात रांधूचो आसा."