चांगुणाआक्काची खूण

दसरा झाला की आमचं गाव निम्मं मोकळं होतं. शेवगावच्या पूर्वेला पाण्याची सगळी बोंब, म्हणून नवरा-बायकोच्या जोड्या ट्रकात बसून ऊसतोडीला जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि माझी पिठाची गिरणी. मी गहिनीनाथ. गिरणीवर पैसे घ्यायचा कोड गावात सगळ्यात आधी मी चिकटवला, त्यामुळं मोबाईलातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

गिरणीला लागून चांगुणाआक्काचं घर. नवरा लवकर गेला. अठरा वर्षं तिनं ऊस तोडला, मग गुडघ्यांनी दगा दिला. आता ती गावातच असते, आणि तोडीला गेलेली दहा-बारा घरं आपले पैसे तिच्याच खात्यावर पाठवतात. ती काढून आणते आणि ज्याच्या त्याच्या म्हातारीच्या हातात देते. पण आक्काची एक खोड. ट्रक हलायच्या आधी ती प्रत्येक घराशी एक खूण ठरवते. कुणी पैसे पाठवले किंवा परत मागितले, की आधी खूण विचारणार. तोडीला गेलेल्या कल्याणची खूण म्हणजे कोणत्या शेळीचं शिंग मोडकं. पुष्पावतीची म्हणजे न्हाणीच्या कोणत्या कोपऱ्यात विळा खोचलाय. खूण पटली नाही तर समोर कोणीही असो, ही बाई फोन ठेवून देते.

मी लई चिडवायचो. "आक्का, आता बँकच काढ. खुणेची बँक!"

"तू तुझं दळण बघ," ती म्हणायची.

माघातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला आक्का मोबाईल घेऊन आली. गिरणी चालू होती, मी खेकसलोच, "थांब की जरा!" मग तिचा चेहरा बघितला आणि बटण बंद केलं. तिला अक्षर लावून लावून वाचता येतं. वाचलं होतं तिनं, पण तिला ते खरं वाटत नव्हतं.

मेसेज करणच्या नंबरवरून होता. करण तिचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा, देवळाली प्रवऱ्याकडं उसाचा ट्रॅक्टर चालवतो. लिहिलं होतं, "ॲक्सिडेंट झालाय. जबडा फुटलाय, बोलता येत नाही. पैसे भरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. या नंबरवर लगेच तीस हजार टाक." खाली एक अनोळखी नंबर.

आक्काच्या खात्यात एकतीस हजार होते आणि त्यातला एक रुपया तिचा नव्हता. पंचवीस कल्याणनं त्याच्या आईच्या, बायडाबाईच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला पाठवलेले. सोमवारची तारीख मिळाली होती. बाकीचे पुष्पावतीच्या पोरीच्या होस्टेलचे.

"आधी फोन लाव," आक्का म्हणाली. लावला. कट. परत लावला. कट. लगेच मेसेज, "बोलता येत नाही म्हणलं ना." करणच्या जोडीदाराला, हनुमंतला लावला, तर तो बंद.

"खूण इचार."

"कसली खूण? तुझी अन् करणची ठरलीया का?"

 अख्ख्या गावाच्या खुणा तिला पाठ, पोराची नव्हती. पोटच्या पोराशी खूण कोण ठरवतं हो?

"मग बापाचं नाव इचार."

विचारलं. उत्तर आलं, अजिनाथ. बरोबर! जन्मतारीख विचारली, तीही बरोबर. गाव बरोबर, तालुका बरोबर. मला घाम फुटला. म्हणालो, "आक्का, करणच हाय त्यो. पिन टाक."

ती जागची हलली नाही. "हे समदं कागदावर असतंय रं."

तेवढ्यात परत मेसेज. "रक्त थांबत नाही. मी मेलो तर तुझ्यामुळं." मग माझं डोकंच फिरलं. "पोरगं मराया लागलंय आन् तू खुणा इचारतीस! आय हायेस का कोन हायेस?" हे मी बोललो. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आक्कानं मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरला. "त्यो असंल तर मी त्याला मारतीया. त्यो नसंल तर बायडाबाईचा डोळा माझ्या हातानं घालवतीया. मला काय बी उमजंना, गहिनी. मला काय बी उमजंना."

मलाही उमजत नव्हतं. तिचं खरं वाटायचं, लगेच मेसेजचं खरं वाटायचं. शेवटी तिनंच सांगितलं म्हणून मी त्या भागातल्या मुकादमाला, काकासाहेबाला, फोन केला. तो म्हणाला, "गाडी काढतो, बघून सांगतो." दोन तास गेले. आक्का गव्हाच्या पोत्यावर बसून होती. तीनदा तिनं मला विचारलं, "रगत थांबलं असंल का रं?" दर वेळी मी हनुमंतला फोन लावून बघायचो, बंदच.

दुपारी एकला मुकादमाच्या नंबरवरून फोन आला. मी स्पीकर लावला.

"आये, काय झालं गं? मुकादम मला हुडकत फडात आलाय." करण! धडधाकट करण! सकाळी राहुरीच्या बाजारात त्याचा मोबाईल आणि पाकीट दोन्ही मारलं होतं. पाकिटात आधार कार्ड, आणि मोबाईलला लॉकसुद्धा नाही. मी आनंदानं मांडीवर थाप मारली.

आक्कानं नाही. ती म्हणाली, "खूण सांग."

"आये! आवाज वळखंना व्हय?"

"आवाज बी खोटा करत्यात म्हनं आता. कागदावर न्हाई असं कायतरी सांग."

पलीकडं त्यानं ट्रॅक्टर बंद केला. मग करण हळू आवाजात म्हणाला, "मी ल्हान हुतो तवा तू मला पाचटाच्या कोपीत बाजंच्या पायाला बांधून फडात जायची. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं. उजवा पाय. मी दिसभर दारातल्या उजेडाकडं बघत बसायचो."

वीस वर्षं शेजार आहे आमचा. ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती, कुणालाच नसेल सांगितली. पोरगं तेव्हा दोन-अडीच वर्षांचं असणार.

"तुला आठवतंय व्हय रं?" आक्का म्हणाली.

"आठवतंय की. सांजच्याला तू पळत यायची, ते बी आठवतंय."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "खूण पटली," एवढंच म्हणाली. मी करणला सांगितलं, आधी सिम बंद कर, मग सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरला फोन करून तक्रार दे. तो हो हो म्हणत होता. फोन ठेवून मी वळलो तर आक्का पोत्यावर पदरात तोंड घालून हुंदके देत होती. पोरगं जिवंत आहे म्हणून रडत होती, का त्याला ते आठवतंय म्हणून, मला काही कळेना. मी गिरणी चालू केली.