पंखाची दुसरी बाजू

विलास गेल्याची बातमी मला कँटीनच्या रांगेत कळली. मे महिना होता. हातात ट्रे घेऊन मी फोन पाहिला, तर मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले विलासराव आज सकाळी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात गेले. मेंदूत रक्तस्राव.’ खाली जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली होती. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आम्ही दोघं अकरा वर्षं एकाच मजल्यावर होतो. तो तीन दिवस हॉस्पिटलात होता, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. एके काळी तो शिंकला तरी मला आधी कळायचं... मी सूप घेतलं, टेबलापाशी बसलो, आणि ते तसंच ठेवून उठलो.

विलास नागपूरचा. लग्न केलं नव्हतं, बोलणं कमी, हात मात्र सतत कशात तरी. मी पुण्याचा, आणि जीभही तिथलीच. रविवारी माझी बायको मुलीला घेऊन पोहायला गेली की आम्ही दोघं गाडी काढून उगाच भटकायचो. २०१४च्या उन्हाळ्यात असंच किल्डेअरकडे जात असताना एक पिवळं विमान आमच्या डोक्यावरून, अगदी झाडांना घासून जावं तसं गेलं आणि कुंपणामागे उतरलं. मला वाटलं पडलं. धावत गेलो, तर गवताच्या लांब पट्ट्यावर पंधरा-वीस जुनी, छोटी विमानं रांगेत उभी! वर्षातून एकदा हे लोक आपापली म्हातारी विमानं उडवत एका शेतकऱ्याच्या शेतात जमतात, चहा पितात, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालतात आणि उजेड आहे तोवर परत उडून जातात. तिकीट नाही, दोरी नाही, भाषणं नाहीत. प्रत्येक विमानासमोर एक कार्ड टांगलेलं असतं: कोणत्या साली बनलं, कुणी दुरुस्त केलं, कुणी कशाला हात लावला. विलास सगळी कार्डं वाचत शेवटच्या पिवळ्या विमानापाशी थांबला आणि पंखावर हलकेच तळवा ठेवून ओरडला, “अबे श्री, हे कापड आहे!”

ते शेत आणि ते पिवळं विमान, दोन्ही डेक्लनचं. सत्तरीचा, गाई पाळणारा, लालबुंद माणूस. पंखाचं कापड जुनं झालंय, शिवणारे आता उरले नाहीत, हे त्याने सहज सांगितलं. विलास पंखाला नाक लावून टाके बघत होता. परतीच्या वाटेवर गाडीत आपल्या बाहीची शिवण चाचपत बसला. मग म्हणाला, “माझे बाबा टेलर होते. इतवारीत दुकान होतं. बारावीपर्यंत मी काजं करत होतो. इथं कोणालेच माहीत नाही, तुलाच सांगून राहिलो.” त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात आम्ही दर शनिवारी डेक्लनच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जाऊ लागलो. पंख विमानापासून काढून कडेवर, भिंतीसारखा उभा केलेला. आत लाकडी फासळ्या, दोन्ही बाजूंनी ताणलेलं कापड. ते कापड फासळ्यांना मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, म्हणून हे काम एकट्याचं नाही. विलास गाठी मारायच्या बाजूला, मी पलीकडे. तो हातभर लांब सुई आरपार घालायचा, ती माझ्या नाकासमोर निघायची, आणि मी ती फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. चार-चार तास आम्ही एकमेकांना दिसायचो नाही. फक्त सुई यायची, आणि आवाज. “लाकडाला चिकटून टाक ना बे, उशी शिवून राहिला का?” मी काही बोललो की तो हसायचा, ते हसणं कापडात घुमायचं. परदेशात इतकी वर्षं काढली, पण त्या थंड शेडमध्ये मला जितकं घरच्यासारखं वाटलं, तितकं कुठेच वाटलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या मेळाव्यात ते विमान आमच्या शिवणीवर उडलं. डेक्लनने विलासला मागच्या सीटवर बसवून दहा मिनिटं फिरवून आणलं. माणूस खाली उतरला, तो आधी टाके तपासायला गेला. मग म्हणाला, “टिकलं बे.”

आता जे लिहायचं आहे, ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. २०१६चा गणपती; शेडमध्ये तोवर इतर विमानांचे पंखही आमच्या हाती येऊ लागले होते. हॉलमध्ये जेवणाची रांग, आणि माझ्याभोवती आठ-दहा जण. कुणीतरी विचारलं, शनिवारी तुम्ही दोघं गायब कुठे असता? लोक ऐकताहेत म्हटल्यावर मला चेव चढतो. मी म्हणालो, “आमचा विलास इंजिनीअर झाला, साता समुद्रापार आला आणि करतोय काय, तर बापाची शिलाई! पँटची उंची कमी करायची असेल तर आत्ताच नंबर लावा.” हशा पिकला. विलास माझ्या मागेच ताट घेऊन उभा होता. तोही हसला. थोड्या वेळाने मी त्याला शोधलं, तर ताट खुर्चीवर तसंच होतं, मोदकालाही हात लावलेला नव्हता. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो, तो बसने गेला.

सोमवारी मी कॉफी घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “या. बसा तुम्ही.” तुम्ही! भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. पण त्याने मला नीट, सभ्यपणे, खुर्ची देऊन दूर बसवलं. शनिवारी चलायचं का विचारलं, तर म्हणाला, “तुम्हाला कशाला उगाच त्रास?” मी मनात म्हटलं, येईल ताळ्यावर. मग माझाच ताठा आडवा आला. मग सवय झाली. माफीचं एक वाक्य मी पावणेदोन वर्षं खिशात घेऊन फिरलो, आणि तो माणूस रोज माझ्यापासून पन्नास पावलांवर होता.

जुलैमध्ये डेक्लनचा फोन आला. मेळावा आहे, ये. जायचं धैर्य नव्हतं, तरी गेलो. तेच गवत, तीच किटली, रांगेत तीच म्हातारी विमानं. मी कुणाशी न बोलता शेवटच्या पिवळ्या विमानापाशी गेलो. समोर कार्ड टांगलेलं होतं. विलासचं अक्षर, शाळेत गिरवल्यासारखं सुबक इंग्रजी. कापडकाम: विलास आणि श्रीकांत. त्याखाली आणखी एक ओळ: शिकवणारे, माझे वडील, टेलर, नागपूर.

मला वाटलं, कार्ड जुनं असेल, आमच्या चांगल्या दिवसांतलं. मी डेक्लनला विचारलं. “छे, गेल्या वर्षीच्या मेळाव्यात लिहिलं त्याने,” तो म्हणाला. “मी म्हटलं, तुझा मित्र हल्ली येत नाही. तर म्हणाला, ‘अर्धे टाके त्याचे आहेत.’ ग्रँड माणूस होता.” गेल्या वर्षी... म्हणजे मला ‘तुम्ही’ म्हणत असताना. जे मी चारचौघांत हसण्यावारी नेलं, ते त्याने आयर्लंडभरच्या वैमानिकांसमोर टांगलं होतं, आणि त्यातून माझं नाव काढलं नव्हतं. मला माफ केलं म्हणून, की हिशोबाला चोख होता म्हणून? हे विचारायला आता कुणी नाही. मी पंखाआड जाऊन रडलो. डेक्लन चहाचे दोन कप घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला.

मग तो मला शेडमध्ये घेऊन गेला. दुसऱ्या एका विमानाचा पंख कडेवर उभा होता, निम्मा शिवलेला. लांब सुई दोऱ्यासकट कापडात तशीच अडकवलेली. विलासने मेमध्ये ठेवली तिथेच. “पलीकडे मी उभा राहायचो,” डेक्लन म्हणाला, “पण माझे हात थरथरतात. तो थांबायचा बिचारा.”

आता शनिवारी मी जातो. विलासच्या जागी उभा राहतो, त्याच्यासारखी गाठ जमत नाही, तीनतीनदा सोडवतो. सुई आरपार घालतो आणि थांबतो. पलीकडे डेक्लन आहे हे मला माहीत असतं. पण कापडाआडचा माणूस दिसत नाही, आणि सुई परत यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी दर खेपेला खिशातलं तेच माफीचं वाक्य हळूच म्हणतो, मराठीत. मग सुई येते. नेहमीच लाकडापासून जरा लांब. आणि मला “बे” म्हणणारं कुणी नसतं.