कूलरशेजारची प्रार्थना

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा जुना अभिमान. कार्यालयात टिपणी लिहायची असली की साहेब मलाच बोलावतात. त्यामुळे एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या चर्चच्या पाळकांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि सांगितलं, "येत्या वर्षात प्रभूला आपल्याकडून काय हवंय, ते प्रार्थनेत विचारा आणि लिहून काढा," तेव्हा मी घरी जाऊन पट्टी घेऊनच बसलो. रकाने पाडले. ध्येय, मुदत, अडचणी. पहिल्या ओळीत लिहिलं: नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा, देवगाव फाट्यावर प्रार्थनाघर, जूनअखेर.

हे कित्येक महिने मनात होतं. प्रार्थनेला बसलं की तेच समोर यायचं आणि हा प्रभूचाच आवाज आहे याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. तो आवाज हुबेहूब माझ्यासारखा कसा, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

बायकोचा कागद तसाच कोरा पडला होता. ती सोनपेठला आमच्या घरात शिवणक्लास चालवते. सात वर्षांपूर्वी एका मशीनवर सुरू केलेला. आता पुढच्या खोलीत चार मशीन आहेत आणि आसपासच्या खेड्यांतूनही मुली येतात. मी म्हणालो, "दे इकडं, तुझाही मीच लिहितो." आणि लिहिला: पतीच्या सेवेत साथ देणे. क्लास बंद करणे, मेअखेर. तिनं खाली सही केली. सही करताना ती जरा थांबली होती. मला वाटलं, पेन चालत नसेल.

मेच्या शेवटच्या रविवारी मी राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात घातला. उपासना संपली की पाळकांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि सोमवारी तो साहेबांच्या टेबलावर जायचा, असं ठरलं होतं.

आमची उपासना पत्र्याच्या एका खोलीत होते. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष, बसायला सतरंज्या. मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते विचारू नका. बायांच्या मागे एक लोखंडी कूलर आहे, तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. बायको नेमकी त्याला खेटून बसली होती. आमच्यात शेवटी सगळे एकदमच मोठ्यानं प्रार्थना करतात, ज्याची त्याची वेगळी, डोळे मिटून. त्या गलक्यात कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून माणसं मन मोकळं करतात. पाळकांनी घंटी वाजवली की थांबायचं.

त्या दिवशी घंटी वाजली, सगळे थांबले. कूलरपाशी तिला ती ऐकूच गेली नाही. आणि तेवढ्यात लाईट गेली.

कूलर थांबला. भरल्या खोलीत एकच आवाज उरला.

"...मला त्यांना न्हाई म्हणता येईना, प्रभू. माझं ते ऐकत न्हाईत. तुझं ऐकतेत. तूच त्यांना न्हाई म्हण. लय कष्टानं उभा केलाय मी क्लास."

आमच्याकडे कुणाची प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणतात. विचार करून कुणी म्हणत नाही, ते तोंडातून निघतंच. तसं ते निघालं, सगळ्या खोलीतून, मोठ्यानं. त्यात माझाही आवाज होता.

तिनं डोळे उघडले. सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहून तिनं पदर तोंडाला लावला. मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू? चारचौघांत अब्रू गेली, एवढंच डोक्यात. पाळक काहीतरी बोलत होते, पण मला एक शब्द कळत नव्हता. मग हळूहळू राग ओसरला आणि खरा धक्का बसला. सोळा वर्षं एका घरात राहून, मला नाही म्हणायला या बाईला देवाला मध्ये घालावं लागलं होतं. वडील गेले तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो. खिशातल्या राजीनाम्याचं मी पाळकांकडे नावसुद्धा काढलं नाही.

घरी जाताना मोटरसायकलवर ती मागे बसली होती. बाजाराच्या मैदानापाशी मी तोंड उघडलं.

"मला सांगायचं होतंस. लोकांपुढं कशाला?"

"लोकांपुढं कुठं? कूलर चालू होता की," ती म्हणाली. "आन् तुमाला सांगितलंच होतं. तीनदा सांगितलं, मला क्लास सोडवंना म्हणून."

मला खरोखरच काही आठवेना. "मग मी काय म्हणालो?"

"दर बारीला तुमी म्हणलात, प्रार्थना कर. केली मग."

मी गाडी कडेला घेतली. राजीनामा घामानं भिजून छातीला चिकटला होता. तो काढून तिच्या हातात दिला. तिनं उघडूनही पाहिला नाही. घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. अजून तो तिच्याकडेच आहे. परत मागायचा धीर मला झालेला नाही.