सर्व्हर आबांना ओळखत नाही

दूध संकलन केंद्रावर किस्से शोधावे लागत नाहीत. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या असतात. मग करायचं काय? बोलायचं! घरी येऊन मी सांगायला लागले की मुलगी विचारते, "आई, तू तिथं कामाला जातेस का नाटक बघायला?"

जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत आमचं गाव. केंद्रावर मी दुधाचं सॅम्पल घेते. सुवर्णा कॉम्प्युटरवर बसते. तिनं केलेली नोंद इंटरनेटवरून मोठ्या डेअरीच्या सर्व्हरला जाते. मध्यंतरी डेअरीनं नवी सिस्टीम आणली आणि पहिल्याच सकाळी पडद्यावर लाल पट्टी आली. ऑथेंटिकेशन फेल्ड!

आमचे चेअरमन आबा चष्मा सावरत आले. "काय म्हणतंय गं ते?"

"सर्व्हर म्हणतोय, तुम्ही कोण ते मला पटत नाही," सुवर्णा म्हणाली.

"मी कोण? पंचक्रोशीत इचार म्हणावं!" आबा तापले. "माझा फोटू पाठीव त्याला. फेटा बांधलेला."

सुवर्णानं मान खाली घातली. हसू दाबायला ते बरं पडतं.

* * *

गंमत अशी, की तोच पासवर्ड घालून सुवर्णा स्वतःच्या मोबाईलवरून डेअरीच्या साईटवर गेली, तर सुरळीत उघडली. केंद्रातला कॉम्प्युटर मात्र ऐकेना. पासवर्ड तोच, बोटं तीच, इंटरनेट तेच!

सुवर्णाच्या सासूबाई, कमळाकाकू, रोज दूध घालायला येतात. त्या म्हणाल्या, "नजर लागली. नवीन वस्तूला लागतीच." त्यांनी लिंबू-मिरच्या ओवून इंटरनेटच्या डबीला बांधल्या.

दुपारी सुवर्णानं डेअरीच्या इंजिनियरला फोन लावला. त्यांनी विचारलं, "मॅडम, डबीवर कुठला लाईट लागलाय?"

सुवर्णा वाकून वाकून बघत होती. "दिसत नाही हो सर. लिंबू मधे येतंय."

* * *

आमच्या गावात पासवर्ड टिकत नाही. सकाळी ठेवला की संध्याकाळपर्यंत नळावर माहीत! म्हणून सुवर्णानं या खेपेला युक्ती केली होती. आपल्या तोंडून चुकूनही निघणार नाही असा शब्द तिनं ठेवला. नवऱ्याचं नाव!

संध्याकाळच्या रांगेत इंजिनियरचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "पासवर्ड एकदा वाचून दाखवा. नंतर बदलून टाका."

सुवर्णानं वर बघितलं. समोर सासूबाई. मागं सगळी रांग.

"मॅडम, आहात ना?"

"आहे सर. पण ते... घेत नाही मी."

"काय घेत नाही?"

कमळाकाकूच म्हणाल्या, "अगं घे की! लग्नात घेतलंस, आता काय झालं?" झालं, रांगेतल्या बायका सरसावल्या. "नाव घे, नाव घे!" सुवर्णानं पदर नीट केला, फोन तोंडाशी धरला आणि म्हणाली,

"फॅट लागली साडेचार, दुधाला आली साय,
दत्तात्रयरावांच्या पुढं वन-टू-थ्री, आणखी काही न्हाय!"

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत इंजिनियर फोन धरून होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, यातलं कॅपिटल काय काय आहे?"

* * *

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण नोंद वर जात नाही म्हणून डेअरीकडून आबांना बोलणी बसली, आणि आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत जमलं तर ठीक. न्हाय तर खुर्ची दुसऱ्याला."

दुसरा म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांचे उमरग्याचे जावई. कॉम्प्युटरचा कोर्स केलेले आणि सध्या रिकामे.

सुवर्णा बारावी शिकलेली. लग्नानंतर घराबाहेर तिला मिळालेली ती पहिली खुर्ची. ती रडली नाही, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी जावईबापू बघायला आले. आधी शिरा झाला, चहा झाला. मग ते खुर्चीवर बसले आणि भराभरा बटणं दाबली. लाल पट्टी होती तिथंच राहिली. वर प्रिंटर बंद पडला! एकाही बाईला पावती मिळेना.

आता जावयाला बोलणार कोण? आबा कौतुकानं म्हणाले, "नवं माणूस बघून लाजला जरासा प्रिंटर!"

निघताना आबांनी जावयांना बजावलं, "सोमवारी सातच्या आत या. सगळ्यांसमोर खुर्ची देतो."

* * *

सोमवारी सकाळी सुवर्णानं शेवटचा फोन लावला. इंजिनियर म्हणाले, "स्क्रीनचा फोटो पाठवा. सगळी स्क्रीन दिसली पाहिजे." माझ्या मोबाईलवरून मी फोटो काढला आणि पाठवला.

लगेच मलाच फोन आला. मी स्पीकर लावला. "ताई, आत्ता सव्वासहा झालेत. तुमच्या फोटोत कॉम्प्युटर साडेसहा दाखवतोय. फोटो काढायच्या आधीच मला मिळाला का?"

"न्हाय हो," कमळाकाकू म्हणाल्या. "आमच्याकडं घड्याळ पंधरा मिनटं पुढंच असतंय. बायका येळेवर याव्यात म्हणून आबांनी भिंतीवरचं पुढं केलं. मग पावतीवरची येळ जुळंना, म्हणून कॉम्प्युटरचं बी केलं."

इंजिनियर ओरडलेच. "अहो, नव्या सिस्टीममध्ये नोंदीबरोबर वेळ पण जाते! वेळ जुळली नाही की सर्व्हर ती नोंद खोटी समजतो. मोबाईलची वेळ बरोबर आहे, म्हणून तिथं चालतं. हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

खरंच होतं. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट, ती कोण कशाला सांगेल?

* * *

आबा आले. त्यांना सगळं सांगितलं. ते विचार करून फोनवर म्हणाले, "साहेब, मग तुमच्या सर्व्हरलाच पंधरा मिनटं पुढं घ्या की."

"आबा, त्याच्यावर साऱ्या जिल्ह्याची केंद्रं आहेत!"

"मग लई बेस! साऱ्या जिल्ह्यालाच वळण लागंल."

सुवर्णानं फोन ठेवला. ती आबांकडं वळली. "आबा, घड्याळ मागं घेऊ, का खुर्ची सोडू?"

रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. आबांनी बायकांकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"भिंतीवरच्याला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "कॉम्प्युटरचं घे."

सुवर्णानं वेळ बदलली, बटण दाबलं. लाल पट्टी गेली. अडकलेल्या नोंदी एकामागून एक सुटल्या! कमळाकाकूंनी तिथंच सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. जावईबापू. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

सुवर्णा खुर्चीवरून अर्धवट उठली. आबांनी हातानंच तिला खाली बसवलं आणि जावयांकडं वळून फार हळहळत म्हणाले, "काय हे जावईबापू! उशीर केलात."

जावयांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आबा, सातला दहा कमी आहेत अजून."

आबांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "आमच्याकडं सात वाजून पाच झाले!"