बोलायचं नाही, गिळायचं नाही

यशवंतपूरच्या त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरात. मराठी कानडीत मुरलेलं. माझ्या थायरॉइडमधली गाठ मोजून घ्यायला मी दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडे जायची. खांद्यांखाली उशी, गळ्यावर गारेगार जेल.

"अक्का, स्वल्प मान मागे. बोलायचं नाही, गिळायचं नाही." आणि लगेच प्रश्न सुरू. "मुलं दोन ना? सरी, बरं. थोरला इंजिनिअरिंगला असेल?"

मला बोलायची बंदी, म्हणून उत्तरंही तेच देत. असं करत करत मला, बिनलग्नाच्या बाईला, त्यांनी नवरा दिला, दोन मुलगे दिले, धाकट्याला गणितात नापासही करून टाकलं. मी जेल पुसून उठेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असे. खुलासा राहूनच जाई.

एकदा मात्र ते गप्प. पडद्याकडे बघत पुन्हा पुन्हा गाठ मोजत राहिले. थोरल्याची चौकशी नाही, धाकट्याची नाही. मी छतावरचे डाग मोजू लागले.

शेवटी त्यांनी गळ्यावरचा हात काढला. "गाठ होती तेवढीच आहे, अक्का. मुलांना सांगा, आई ठणठणीत आहे."

"सांगते," मी म्हटलं. "धाकट्याने फारच धसका घेतला होता."