मागचं रीडिंग चार

मीटरकाका निवृत्त झाले, पण रीडिंग काही सुटलं नाही. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे आकडे टिपले. मग इमारतीमागच्या पाडलेल्या गोदामाचा उजाड चौथरा टिपायला घेतला. वहीत तेच रकाने: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक. पहिल्या वर्षीचं रीडिंग चार. गवत, मुंगी, कावळा आणि सेक्रेटरींचं मांजर.

नियम मात्र कडक. स्वतः पाहिल्याशिवाय नोंद नाही. काकूंनी तीनदा सांगितलं, "अहो, मागे मुंगूस दिसलं." काका ढिम्म. "अंदाजे रीडिंग मी नोकरीत टाकलं नाही, आता काय टाकणार?" तेव्हापासून त्यांच्या चहात साखर मात्र अंदाजेच पडू लागली.

अकराव्या वर्षी सेक्रेटरींनी चौथऱ्यावर काँक्रीट ओतून पार्किंग करायचा घाट घातला. काकांनी वही काखोटीला मारली. सभा तिथेच भरली.

"रिकामी जागा आहे, नुसतं रान माजलंय," सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी वही उघडली. "चालू रीडिंग एकशे बारा."

"एवढं लावलं कुणी?"

"कुणीच नाही. भेगेत गवत आलं. गवतामागे नाकतोडे, नाकतोड्यांमागे पक्षी. पक्ष्यांनी बिया टाकल्या, झुडपं झाली. फुलं आली तशी फुलपाखरं आली. एक येतो, तो आणखी दोघांची सोय करतो. मी फक्त वाकून बघत होतो." बोलताना काका वाकलेले अजिबात नव्हते.

सेक्रेटरींचा जन्मच चुका काढण्यासाठी. वही उलटीसुलटी करून त्यांनी बोट आपटलं. "खोटी वही आहे. मुंगूस कुठंय यात? रोज दात घासताना बघतो मी. दोन पिल्लंही आहेत."

काकू गोड आवाजात म्हणाल्या, "रिकाम्या जागेत का हो, भावजी?"

हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझ्या दोरीवरचा वेडा राघूही लिहिला नाही." तळमजल्यावरच्या शिंप्याला आपला बेडूक आठवला. पार्किंग मागायला आलेला जो तो आपापलं जनावर पुढे करू लागला. काँक्रीटसाठी हात वर करायची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरीसुद्धा कान खाजवत बसले.

"आता तरी लिहा," काकूंनी पेन पुढे केलं.

काकांनी पट्टी घेऊन नवा रकाना आखला: इतरांनी पाहिलेले. मुंगसापुढे पहिलं नाव काकूंचं घातलं, तारखांसकट. तिन्ही तारखा काकांना पाठ होत्या.